रिकाम्या माणसांचं प्रशिक्षण

भीमराज खरात नेमकं काय काम करतो, असं कुणी त्याच्या आईला विचारलं, की बनाबाई आधी पदराने तोंड पुसत आणि मग म्हणत, "दूध संघात साहेब हाय." विचारणारा चिवट निघाला आणि "साहेब म्हंजी काय करतो?" असं पुढे गेला, तर त्या सांगत, "शिकलेल्या मानसांना परत शिकिवतो." शिकलेल्यांना परत शिकवायची वेळ का यावी, हे मात्र त्यांनाही उमगलेलं नव्हतं. "मला वाटतं," त्या एकदा मला हळू आवाजात म्हणाल्या, "पयल्यांदा कुनी नीट शिकिवलं नसंल." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेला माणूस. मी विषय बदलला.

भीमराज माझाच विद्यार्थी. मी फळ्यावर गणित सोडवून वळेपर्यंत हा मागच्या ओळीतल्या पोराला तेच गणित वेगळ्या रीतीने समजावत असायचा, आणि ती रीत कधीकधी माझ्यापेक्षा बरी असायची. त्याचे वडील साखर कारखान्यात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ते बेलापूरला बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. ऐकायला पाच-सात जण जमत. भीमराज शेजारी बसून कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही ते हेरायचा आणि वडिलांच्या गुडघ्याला बोट लावायचा. मग ते वाक्य पुन्हा वाचलं जायचं. शिकवण्याचा निम्मा धंदा तो तिथेच शिकला असणार.

पुढे तो चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत प्रशिक्षण खात्यात लागला. वडील गेल्यावर आईला तिकडे घेऊन गेला, पण बनाबाई चौथ्या मजल्यावर महिनाभरसुद्धा टिकल्या नाहीत. "कोंबड्या कुठं सोडू? त्या जिन्यात?" एवढंच त्या विचारत राहिल्या. शेवटी कोंबड्या जिथे होत्या तिथे भीमराज आला.

आमच्या तालुक्याच्या बेलापूरमधल्या दूध संघाला तेव्हा आधुनिक व्हायचं होतं. पुण्याहून कुणी सल्लागार येऊन गेले होते आणि संघाला प्रशिक्षण खातं हवं असं लिहून गेले होते. संघाने भीमराजला घेतलं, दाराबाहेर पाटी लावली आणि एक खोली दिली. खोलीत आधीपासून आइस्क्रीमचे तीन बंद पडलेले फ्रीज होते. ते कुठे हलवायचे याचा निर्णय संचालक मंडळात होईना, म्हणून भीमराजने एकावर प्रोजेक्टर ठेवला, एकावर फायली, आणि तिसऱ्यावर संघाचा शिपाई छगन दुपारी डबा खायला बसू लागला. छगन प्रोजेक्टरला सिनेमा म्हणायचा. "साहेब, आज सिनेमा हाय का? मग पडदा धुवून टाकतो."

सुरुवातीची दोन वर्षं खात्याने काय केलं हे खात्यालाही नीट सांगता आलं नसतं. भीमराज टँकरचालकांना दूध वाटेत थंड कसं राखायचं ते सांगायचा, कारकुनांना संगणकाबद्दल सांगायचा. सगळे ऐकायचे, चहा प्यायचे, आणि परत जाऊन पूर्वीसारखंच काम करायचे. संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब मोठ्या मनाचे, पण तोंडाने सडेतोड. भर बैठकीत ते म्हणाले, "भीमराज, तुमचं खातं म्हंजी लग्नातला फोटोग्राफर. जिकडं बघावं तिकडं दिसतो, पन त्याच्यावाचून लग्न काय अडत न्हाई."

भीमराज हसला. त्याला विनोद कळतो, हाच त्याचा प्रश्न आहे. त्याच्यावर केलेला विनोदही त्याला लगेच पटतो.

मग नवी मशिनं आली. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध घेण्याची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे. माणूस किटली घेऊन येतो, केंद्रचालक माप करून दूध मोठ्या कॅनमध्ये ओततो, आणि ओतता ओतता गप्पांच्या भरात नमुन्याची छोटी बाटली भरून बाजूला ठेवतो. तपासणी मागाहून, माणूस निघून गेल्यावर. नव्या मशिनचं सगळं उलटं होतं. आधी नमुना. मशिनवर हिरवा दिवा लागला तर पुढचा काटा सुरू होणार आणि मगच दूध ओतायचं. तांबडा लागला, म्हणजे दुधात पाणी निघालं, तर किटली परत. गावकीत हे किती अवघड आहे हे सल्लागारांना कसं कळावं? ते पुण्यात पिशवीतलं दूध घेतात.

"पाडव्याच्या सकाळी सगळी केंद्रं नव्या मशिनवर," आप्पासाहेबांनी जाहीर केलं आणि भीमराजकडे वळले. "शिकवायचं काम तुमचं. पाडव्याला केंद्रं चालली तर तुमचं खातं राह्यलं. न्हाई चालली तर खातं बंद, आन तुमी पशुखाद्याच्या गोडावनला. तिथं बी मानूस पायजेच हाय."

पशुखाद्याचं गोदाम वाईट नाही. पण तिथे पोती असतात, आणि पोत्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळलं नाही ते ओळखता येत नाही. आणि भीमराजने मला सांगितलं ते असं, "गुरुजी, गोडावनला गेलो तर परत चाकणच बघावं लागेल. आणि आई काय कोंबड्या सोडून येत नाही."

त्याने जीव ओतून तयारी केली. प्रत्येक केंद्राला निरोप गेला, की एक माणूस प्रशिक्षणाला पाठवा, दुपारचं जेवण संघाकडून. आमच्या गावचं केंद्र माझा पुतण्या अजिनाथ चालवतो. तो संध्याकाळी माझ्या ओसरीवर आला.

"काका, उद्या काय करताय?"

"काही नाही."

"मंग बेलापूरला जाऊन या. ट्रेनिंग हाय. बसायचं, जेवायचं, यायचं."

"अरे, पण ट्रेनिंग केंद्र चालवणाऱ्याला आहे."

"मी गेलो तर केंद्र कोन चालवनार?" अजिनाथ म्हणाला. यात खोट काढता येईना.

शेजारी रंभाजी बसले होते. रंभाजी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, बैलांच्या व्यवहारातले एके काळचे पट्टीचे माणूस, आणि आता सुनेने शेतातून रीतसर निवृत्त केलेले. त्यांनी विचारलं, "जेवायला काय हाय?"

"जिलेबी असंल," अजिनाथ म्हणाला.

असे एकाच्या जागी आम्ही दोघे गेलो.

सभागृह भरलेलं बघून भीमराजचा चेहरा फुलला. मी आत शिरताच त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मुद्दाम माझं काम बघायला आलात!" मी इकडेतिकडे नजर टाकली, तर सगळं सभागृह पांढऱ्या टोप्यांनी आणि पिकल्या मिशांनी भरलेलं. भीमराजला वाटलं, अनुभवी माणसं आली आहेत.

पहिला दीड तास सत्कारात गेला. आमच्याकडे चार माणसं एका छपराखाली जमली की नारळ आणि शाल निघतेच. संचालकांचा सत्कार झाला, मशिन पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा झाला, निवृत्त शिक्षक म्हणून माझाही झाला, आणि शेवटी कुणीतरी मशिनला हार घातला. हाराच्या पाकळ्या नमुना टाकायच्या भोकात गेल्या, त्या काढायला छगनने टाचणी आणली.

मग भीमराज म्हणाला, "आपण आधी एकमेकांची ओळख करून घेऊ. प्रत्येकाने नाव सांगायचं आणि स्वतःबद्दल एक खास गोष्ट." रंभाजींपासून सुरुवात झाली. त्यांची खास गोष्ट काष्टीच्या बाजारात घेतलेल्या एका खोंडाची होती, आणि खोंड बाजारातून घरी पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली. बाकीच्यांची ओळख राहूनच गेली. जेवणानंतर भीमराजने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि या प्रशिक्षणाकडून काय अपेक्षा आहेत ते लिहायला सांगितलं. चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या तेव्हा बहुतेकांनी 'चहा लवकर' असं लिहिलेलं निघालं. एकाने पावसाची अपेक्षा केली होती.

पण एक सांगतो. त्यानंतर भीमराजने जे शिकवलं ते उत्तम होतं. एकेकाला मशिनपाशी बोलावलं, नमुना टाकायला लावला, दिवा लागेपर्यंत थांबायला लावलं. मागच्या रांगेतला कुणी मान हलवतोय पण त्याला कळलेलं नाही हे त्याला लांबूनही दिसायचं. तो तिथपर्यंत जाऊन पुन्हा सांगायचा. आणि आम्हाला कसलीच घाई नव्हती. घरी कुणी वाट बघत नव्हतं. इतका निवांत वर्ग मला माझ्या नोकरीत कधी मिळाला नाही. रंभाजींनी तर तीनदा उठून नमुना टाकला. हिरवा दिवा लागला की ते मागे वळून सगळ्यांकडे असे बघत, जणू तो त्यांच्याच घरचा आहे.

अशा तीन तुकड्या झाल्या. सगळ्यांनी अभिप्रायात पैकीच्या पैकी गुण दिले.

पाडवा पंधरवड्यावर आला तेव्हा भीमराज रंगीत तालीम बघायला सकाळी आमच्या केंद्रावर आला. मी आणि रंभाजी नेहमीसारखे बाहेरच्या कट्ट्यावर होतो. अजिनाथ मशिनसमोर उभा होता, नव्या व्याह्यासमोर उभं राहावं तसा, हात कुठे ठेवावेत ते न सुचून.

"करा ना सुरू," भीमराज म्हणाला.

"कसं करायचं?"

"म्हणजे? ट्रेनिंग झालं की तुमचं."

"माझं न्हाई. काकांचं झालं."

भीमराजने माझ्याकडे बघितलं. मी कट्ट्यावरून उठून उभा राहिलो. का ते मला माहीत नाही.

"आणि बाकीच्या केंद्रांवरून कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

"तसेच," मी म्हणालो. "कुणाचे वडील, कुणाचे चुलते. एक जण जावयाकडे पाहुणा म्हणून आला होता, त्यालाच पाठवलं."

"सर, राग मानू नका," अजिनाथ म्हणाला. "पन कामाचा मानूस ट्रेनिंगला धाडला तर काम कोन करनार? जो रिकामा त्योच जानार ना."

भीमराज आमच्या शेजारी कट्ट्यावर बसला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी तालुक्यातले सगळे रिकामे लोक तयार केले."

"पर लई चांगले तयार केले," रंभाजींनी धीर दिला.

मग त्याची धावपळ सुरू झाली. खऱ्या केंद्रचालकांना बोलावलं, तर कुणाच्या म्हशीला दिवस भरले होते, कुणाचा कांदा काढणीला आला होता. त्याने मशिनचे छोटे व्हिडिओ करून मोबाईलवर पाठवले. उत्तरादाखल सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं आणि 'शुभ सकाळ' पाठवलं. शेवटी तो रोज पहाटे स्कूटरवरून केंद्राकेंद्रावर जाऊन उभा राहू लागला. बटणं दाबायला त्यांना वेळ लागला नाही. अजिनाथ पहिल्याच दिवशी शिकला. त्या सकाळी भीमराज इतका खुशीत होता, की त्याने चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आमच्याच केंद्रावर उभा होता, तेव्हा गावातल्या राहीबाई किटली घेऊन आल्या. अजिनाथने नमुन्याची नळी हातात घेतली आणि म्हणाला, "मावशी, थांब जरा. आधी तपासू दे."

"काय तपासतो?"

"दूध."

"आजवर न्हाई तपासलं ते?"

"मागनं तपासायचो. आता आधी तपासायचं."

राहीबाईंनी किटलीचं झाकण लावलं. "माझ्या दुधावर संशय घेतो व्हय रे? तुझ्या आईच्या बाळंतपनाला मी हुते. तुला पयलं पानी मी पाजलं, आन तू मला समद्यांसमोर पानी घालनारी म्हनतो?"

"मावशी, मशीन म्हनतंय, मी न्हाई."

"मशिनची आई कोन हाय? तिला इचारते." आणि त्या किटलीसकट चालू लागल्या. मागे उभ्या असलेल्या चौघांनी आपापल्या किटल्या उचलल्या. अजिनाथने नळी ठेवली. "मशीन चालवता येतंय सर," तो म्हणाला, "पन गावात तोंड कसं दाखवू?"

एवढे दिवस भीमराज बटणं शिकवत होता आणि अडचण बटणात नव्हतीच. मला वाटलं आता गोदाम ठरलं.

तेवढ्यात रंभाजी कट्ट्यावरून म्हणाले, "ए राहे, थांब. कुठं निघाली?" त्यांच्या पायाशी त्यांच्या घरची किटली होती. सुनेने त्यांना तेवढं एक काम ठेवलं होतं. ते उठले, किटली मशिनपाशी नेली आणि अजिनाथला म्हणाले, "माझं तपास आधी. नळी अशी धर. तिरकी न्हाई. सायबांनी शिकिवलंय मला." हिरवा दिवा लागला. रंभाजींनी सवयीने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. राहीबाई जागच्या जागी थांबल्या होत्या. थोरल्या माणसाचं दूध तपासलं गेलं, त्याने स्वतः होऊन तपासून घेतलं, मग आपलं तपासलं तर त्यात काय कमीपणा? त्या कुरकुरत परत आल्या. "बाबांनी केलं म्हनून," त्यांनी अजिनाथला बजावलं. "तुझ्यासाठी न्हाई."

मी भीमराजकडे बघत होतो. लहानपणी ओट्यावर बसून तो चेहरे हेरायचा, तसाच तो त्या रांगेतले चेहरे एकेक करून बघत होता. दुपारी त्याने छगनला बोलावून सांगितलं, "सगळ्या म्हाताऱ्यांना परत बोलवा. तिन्ही तुकड्या. जिलेबीसकट."

"सिनेमा लावू?"

"नको. फक्त जिलेबी."

त्या दिवशी सत्कार झाला नाही, त्यामुळे काही जण नाराज होते. भीमराजने अगदी थोडं सांगितलं. पाडव्याच्या सकाळी प्रत्येकाने आपापल्या केंद्रावर सगळ्यांच्या आधी जायचं, आपल्या घरचं दूध रांगेत पहिलं लावायचं आणि तपासून घ्यायचं, बस. "आमचं वजन हाय ते वापरता म्हना की," एक जण म्हणाला. "हो," भीमराज म्हणाला, "मशिनला ते नाही." सगळ्यांना हे फार आवडलं. माझ्या घरी गाय नाही, पण मीही वहिनींची किटली उचलायचं कबूल केलं.

पाडव्याच्या सकाळी दारोदारी गुढ्यांची तयारी चालली होती आणि आम्ही केंद्रावर होतो. आमच्याकडे अडकायची शक्यता जास्त, म्हणून भीमराज इथेच आला होता. बाकीच्या केंद्रांवरून त्याच्या मोबाईलवर निरोप येत होते. कुठे म्हातारा वेळेवर पोचला, कुठे दोन म्हातारे पहिल्या नंबरावरून भांडत होते. आप्पासाहेब गाडीतून केंद्रं बघत फिरत होते, आणि नेमके आमच्याच दारात उतरले. रांग लांब होती. सगळ्यात पुढे धुतलेल्या धोतरात रंभाजी.

अजिनाथने नमुना टाकला. आम्ही सगळे दिव्याकडे बघत होतो.

तांबडा लागला.

अजिनाथने पुन्हा नमुना टाकला. पुन्हा तांबडा. आप्पासाहेब भीमराजकडे वळले आणि त्यांच्या डोळ्यांत मला पशुखाद्याची पोती स्पष्ट दिसली. "मशीन खराब हाय का मानूस?" त्यांनी विचारलं.

अजिनाथ हळूच म्हणाला, "बाबा, राह्यलं. सनाचा दिवस. मी घेतो ओतून." त्याने कॅनचं झाकण काढलंही.

रंभाजींनी त्याचा हात धरला. त्यांचे कान लाल झाले होते. पण आवाज पूर्वी बाजारात असेल तसा मोठा लागला. "ओतायचं न्हाई. तांबडा म्हंजी तांबडा. परत." किटली उचलून ते रांगेकडे वळले. "बघा रे. माझं परत गेलं. मी पानी घातलं न्हाई, पन पानी हाय त्यात, मशीन म्हनतंय तर हाय. कुठनं आलं ते मी हुडकतो. आता कुनी म्हनू नका, की माझी आब्रू गेली. चला, पुढचा नंबर."

पुढे राहीबाई होत्या. त्यांनी किटली स्वतःहून नळीखाली धरली. "बाबांचं परत जातंय," त्या मागच्यांना म्हणाल्या, "तर आपन कोन लागून गेलो?" हिरवा लागला. मग रांग सरकू लागली. माझ्या हातातल्या वहिनींच्या किटलीलाही हिरवा लागला आणि मला कारण नसताना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. आणखी एकाला तांबडा लागला. तो बाजूला झाला आणि जाता जाता रंभाजींच्या शेजारी उभा राहिला, जणू चांगली संगत मिळाली.

आप्पासाहेब बराच वेळ बघत राहिले. "मशीन भारी हाय," ते शेवटी म्हणाले आणि पुढच्या केंद्राकडे गेले.

रांग संपल्यावर भीमराज दिसेना. तो रंभाजींसोबत केंद्रामागच्या नळावर होता. रंभाजींची रिकामी किटली त्यांच्या दोघांमध्ये होती. "सन म्हनून मीच घासली पहाटे," रंभाजी सांगत होते. "दोनदा घासली, चांगली इसळली. सून म्हनली राहू द्या, मी ऐकलं न्हाई. आन तसंच दूध घेतलं."

भीमराजचा मोबाईल वाजला. आप्पासाहेबांचा आवाज नेहमीच दोन माणसांना ऐकू जातो. "भीमराज, समदी केंद्रं चालली. खातं राह्यलं तुमचं. आता टँकरवाल्यांचं घ्या, त्यांच्याकडं बी नवीन काय तरी येतंय. आन मला एक सांगा, तुमी नेमकं केलं काय?"

"सांगतो साहेब," भीमराज म्हणाला. "थोडं काम चालू आहे." त्याने मोबाईल खिशात ठेवला, दोन्ही हातांनी किटली उचलली आणि रंभाजींना म्हणाला, "बाबा, घासून झाली की अशी पालथी घालायची. दगडावर, जरा कलती. आणि पाणी निथळेपर्यंत दूध काढायला बसायचं नाही."

"किती येळ?"

"तुम्हाला काय घाई आहे?"

रंभाजींनी विचार केला. "न्हाई, घाई कसली," ते म्हणाले आणि किटलीजवळ दगडावर बसले. भीमराजही बसला.